खिडकीबाहेरच्या तुळया

भूकंपाचे धक्के सोसता यावेत म्हणून आमच्या जुन्या इमारतीच्या खांबांभोवती नव्या सळ्या बांधून काँक्रीट चढवलं. काल सासूबाईंच्या खिडकीबाहेर दोन लोखंडी तुळया तिरक्या, एकमेकींना छेदून बसवल्या. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. बाहेरचं जग त्यांना त्या खिडकीतूनच काय ते दिसतं.

“घरावर फुली मारली की काय गं?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई. घर हललं तर या तुळया त्याला धरून ठेवतील.”

“घराला धरतील,” त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून खाली फाटकाकडे बघितलं. मागच्या धक्क्याला आम्ही सगळे जिना उतरून पळालो होतो आणि त्या वरच राहिल्याचं मला फाटकाशी पोचल्यावर आठवलं होतं.

आज दुपारी पुन्हा धक्का बसला, भांडी खणखणली. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. तुळया करकरल्या. इमारत भक्कम झालीय हे ठाऊक असूनही मी दाराकडे बघितलं. काँक्रीटचं बरं असतं, त्याला कुठे पळायचं नसतं.

“दिसतंय मला,” सासूबाई म्हणाल्या. “जायचं तर जा.”

मी गेले नाही. पाय मात्र सारखे दाराकडे ओढ घेत होते.