प्रेसच्या दाराचा स्विच

नोकरीत पाहिलेले मृत्यू आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला पंचनामा कुठल्या ठाण्यातला, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. जालन्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यातली दुपार मात्र अशी मिसळत नाही. ती वेगळीच राहिली आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांची सांगायला हवीत त्यांच्यावर कोर्टात काही शाबीत झालं नाही, आणि ज्याच्यावर झालं त्याचं नाव घेण्याचा मला अधिकार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी फौजदार होतो. कापसाचा हंगाम जोरात चालू होता. दुपारी जेवणाचा डबा उघडतो न उघडतो तोच ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि म्हणाला, "साहेब, प्रेसमध्ये बाई दबली."

जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर रुई एका लोखंडी पेटीत भरतात. वरून तेलाच्या दाबावर चालणारा जाड ठोकळा खाली येतो आणि रुई दाबून तिची गठाण बांधली जाते. यालाच प्रेस म्हणतात. पेटीला बाजूने दार असतं. रुई अडकली म्हणून ती बाई दारातून आत शिरली होती, आणि ठोकळा खाली आला. इन्क्वेस्ट पंचनामा मी स्वतः लिहिला. त्यात काय लिहिलं ते इथे सांगत नाही. बाई धावडा गावची होती. हंगामापुरती कामाला आलेली. वय तिशीच्या आत, दोन लेकरं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मॅनेजरने जबाब दिला की मशीन अचानक बिघडलं, आणि बाईने विचारल्याशिवाय आत जायला नको होतं. इतर मजुरांनी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. पाच माणसं एकाच वाक्यात बोलायला लागली की ते वाक्य सहाव्या माणसाने दिलेलं असतं, हे मला तोवर कळायला लागलं होतं. पण हातात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मयत बाईची धाकटी जाऊ ठाण्यात आली. ती त्याच कारखान्यात कामाला होती. सकाळपासून बाकावर बसून होती. कुणी विचारलं तर "मोठ्या साहेबाला भेटायचंय" एवढंच म्हणायची. मी बंदोबस्तावरून दुपारी परत आलो तेव्हा ती उठली.

"साहेब, ते मशीन बिघडलं म्हून लिहिलं का तुमी?"

"तसंच सांगितलंय सगळ्यांनी."

"बिघडलं न्हाई. आदी दार उघडं असलं की ते चालतच न्हवतं. बटन दाबा, कायबी करा, बिलकुल हालत न्हवतं. दिवाळीपासून दार उघडं असतानाबी चालून राह्यलं. माझ्या जावेला ते ठाव न्हवतं. ती दिवाळीनंतर आल्ती."

एवढं बोलून ती गेली. त्या एका माहितीवर मी पुन्हा कारखान्यात गेलो. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळतं साहेब? ते सगळं इंजिनीअर पाहतो."

इंजिनीअर सत्ताविशीचा होता. हसनाबादकडच्या शेतकरी घरातला. घराण्यातला पहिला शिकलेला. प्रेसच्या पॅनेलमधला सर्किट बोर्ड त्याने स्वतः बनवला होता, आणि त्यातला प्रोग्रामही त्याचाच. ऑफिसात एक कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असायचा. त्याला तो सर्व्हर म्हणायचा. प्रेस चालली की किती वाजता, कितवी गठाण, दार उघडं की बंद, याची एक ओळ त्यात आपोआप उमटायची.

त्याला ठाण्यात बोलावलं. तासभर बाहेर बसवून ठेवलं. ती आमची जुनी रीत. मग रायटरला घेऊन समोर बसलो. पहिल्याच प्रश्नाला त्याने मला अडवलं.

"साहेब, 'मशीन बिघडलं' असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"मशीन बिघडलं न्हवतं. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं."

खोटं बोलणारा माणूस प्रश्नाचं उत्तर देतो. ज्याच्या मनात काही सलतंय तो आधी तुमचा प्रश्न दुरुस्त करतो. मी रायटरला पेन खाली ठेवायला सांगितलं.

पुढचे दोन तास मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. मी आवाज चढवला नाही. त्याला म्हटलं, "हे बघ, तू खरं सांग. तुझं काही वाईट होणार नाही. मी बसलोय इथे. तुला मी साक्षीदार करतो."

त्याने खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "माझ्या वह्या आणू का?"

तीन जाड वह्या होत्या. मराठी आणि इंग्रजी एकत्र, बारीक अक्षरात. मला त्यातलं काहीच समजेना. सलग चार दिवस तो रोज ठाण्यात येऊन मला समजावून देत होता, एखाद्या शिक्षकासारखा. प्रोग्राम कसा लिहायचा, तो चिपमध्ये कसा भरायचा. चिपच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असते. विशिष्ट दिव्याखाली ती धरली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावतात आणि तिच्यावर प्रोग्रामचा क्रमांक लिहितात. वहीत एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'कम्पायलर ज्या ओळीवर चूक दाखवतो त्या ओळीत बहुधा चूक नसते. वरच्या ओळी बघाव्यात.' कम्पायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारी यंत्रणा, हे त्याने सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, आमच्या खात्यातही असंच असतं. तोही थोडा हसला. त्या प्रकरणात त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं.

तिसऱ्या वहीत ती नोंद सापडली. दिवाळीच्या आधीची. मला ती आजही पाठ आहे.

'दाराच्या स्विचमध्ये रुईचे तंतू अडकतात. दार बंद असूनही उघडं दाखवतो. प्रेस दिवसातून वीस वेळा थांबते. नवीन बंदिस्त स्विच पुण्याहून मागवायला हवा. मालक म्हणाले, स्विच येईपर्यंत दार बंद आहे का ही तपासणी प्रोग्राममधून काढून टाक, हंगाम थांबत नाही. मॅनेजर आणि फिटर समोर होते. मी नको म्हणालो. दुसरा माणूस आणू म्हणाले. तपासणी काढली. प्रोग्राम क्रमांक चौदा. फक्त आठ दिवसांसाठी.'

त्याखाली पुढच्या पानांवर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने: 'स्विचची आठवण केली.' 'पुन्हा सांगितलं.' 'आज परत गेलो. मॅनेजर म्हणाले, काही होत नाही.'

"तीनदा गेल्तो साहेब," तो म्हणाला. "चौथ्यांदा जायला पाहिजे होतं."

पंचांसमक्ष पॅनेल उघडलं. चिपवरच्या पट्टीवर चौदा आकडा होता. सर्व्हरवरच्या ओळी मात्र कुणीतरी पुसल्या होत्या, अपघाताच्या संध्याकाळीच. पण वहीतच लिहिलेलं होतं की दर शनिवारी त्या फ्लॉपीवर उतरवून ठेवल्या जातात. फ्लॉप्या त्याच्या खोलीत मिळाल्या. छापून काढल्या तर दार उघडं असताना प्रेस चालल्याच्या नोंदी पानोपानी होत्या. अडकलेल्या स्विचच्या खोट्या नोंदी वगळल्या तरी उघड्या दारातून आत हात घालणारी ती बाई पहिली नव्हती. आधीच्यांचा हात वेळेवर बाहेर आला होता, एवढाच फरक.

मला वाटलं, मालक सापडला. त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा किती खुशीत होतो, ते आठवलं की आता लाज वाटते.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. कागद सरकारी वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं वाचून चष्मा काढला.

"याला साक्षीदार कसं करता? चिप कुणी बदलली?"

"त्यानेच. पण मालकाच्या सांगण्यावरून."

"ते कुठे आहे?"

"वहीत."

"आरोपीच्या वहीत. दुसऱ्याविरुद्ध तिची किंमत किती? आणि त्याच्याविरुद्ध किती? तुम्हीच सांगा."

मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण स्वतःच्या हस्ताक्षरातली, गुन्ह्याच्या आधी लिहिलेली वही चालते. आणि ती त्याने माझ्या शब्दावर आणून दिली होती.

दोषारोपपत्रात आरोपी क्रमांक एक तो, दोन मॅनेजर, तीन मालक. अटक करायला मीच गेलो. त्याचे वडील धोतराच्या सोग्याने हात पुसत बाहेर आले. "साहेब, रोज तुमच्याकडेच येत होता की तो," एवढंच म्हणाले. मुलाने चपला घातल्या आणि गाडीत बसला.

मालकाला खटला सुरू होण्याआधीच वगळलं गेलं. फिटर साक्षीत म्हणाला, मी त्या दिवशी कामावर नव्हतोच. फ्लॉपीवरून छापलेले कागद कुणी बनवले, कशावरून खरे मानायचे, यावर दोन तारखा गेल्या आणि शेवटी ते बाजूला पडले. त्या काळी असल्या कागदांचं काय करायचं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

राहिली जाऊ. तिच्यावर माझा भरवसा होता. ती पिंजऱ्यात उभी राहिली, पदर घट्ट धरला आणि वकिलाने विचारण्याआधीच म्हणाली, "मला मशीनचं कायबी कळत न्हाई."

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. रागावलो होतो. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "साहेब, तिची दोन अन् माझी तीन लेकरं एका चुलीवर जेवून राह्यली. काम त्याच कारखान्यात हाय. तुमी सांगा, मी काय करू?"

मी तिची वाट सोडली. 

मॅनेजर संशयाचा फायदा मिळून सुटला. इंजिनीअरला एक वर्षाची कैद झाली. हस्ताक्षर त्याचं, चिप त्याची, आणि धोका ठाऊक असल्याचं त्यानेच तीन-तीनदा लिहून ठेवलेलं. न्यायाधीशांनी निकालपत्रात तेच उतरवलं: आरोपीला परिणामांची पूर्ण जाणीव होती. खरंच होती. त्या कारखान्यात ज्याला ती होती असा तो एकटाच माणूस होता. अपिलात शिक्षा कायम राहिली.

बऱ्याच वर्षांनी, माझी बदली होऊन गेल्यावर, शहागडला हायवेवर गाडी पंक्चर झाली. ट्रकच्या रांगेपलीकडे टायरचं दुकान होतं. चाक काढणाऱ्या माणसाला मी ओळखलं नाही. त्यानेच ओळखलं. केस पिकले होते. वडील तो आत असतानाच गेले, असं त्याने सांगितलं.

मी विचारलं, "ते काम पुन्हा केलं नाहीस?"

"न्हाई."

"का रे? तू तर फार हुशार होतास."

त्याने टायर पाण्यात बुडवला, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, मग म्हणाला, "वही लिहिल्याशिवाय ते काम होत न्हाई साहेब. अन् लिहायला बसलं की हात थांबतो."

चाक बसवून झालं. मी पैसे पुढे केले तर त्याने घेतले, सुटे परत दिले. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या केसने काय शिकवलं, असं आता तरुण अधिकारी विचारतात. त्यांना ऐकायला बरं वाटेल असं काही सांगता येत नाही. ज्याने लिहून ठेवलं तो सापडला. ज्यांनी नुसतं तोंडाने सांगितलं ते सुटले. तपासात मी कुठेही चुकलो नाही. एकही पंचनामा कच्चा नव्हता, एकही तारीख मागेपुढे नव्हती. चूक मी केली ती टेबलापलीकडच्या माणसाला शब्द देताना. तो शब्द पाळायचं माझ्या हातात आहे की नाही, हे न पाहताच मी तो दिला.

माझ्या सेवापुस्तकात त्या तपासाबद्दल 'उत्कृष्ट' असा शेरा आहे. निरोप समारंभात कारकुनाने माझ्या कामगिरीचे शेरे एकेक करून मोठ्याने वाचले. हा वाचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, साहेब नम्र आहेत.