मन्मथची चाळणी

लातूरच्या आडत बाजारात महादेवप्पांचं तुरीचं दुकान. त्या घरात धान्य तर चाळून येतंच, पाहुणासुद्धा जरा चाळूनच आत घेतात. धाकटा मन्मथ याच वळणाचा. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या. त्यांतल्या एकीत कॉम्प्युटर बसला आणि त्याच्यासमोर मन्मथ. कॉम्प्युटरसाठी खोली थंड ठेवावी लागे. महादेवप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगं थंड खोलीत बसून राहिलंय, काम काय करतंय ते देवाला ठाऊक.

काम होतं. कॉम्प्युटरमध्ये 'एस्केप' नावाचं एक न दिसणारं अक्षर असतं. ते पडद्यावर उमटत नाही, पण त्याच्या पाठोपाठ येणारी अक्षरं मजकूर न राहता हुकूम होतात: पडदा पूस, अक्षरं लुकलुकव. कोणी साहेब पाहणीला आले की मन्मथ नव्या जिल्ह्याचं नाव इंग्रजीत लुकलुकवून दाखवायचा. साहेब प्रसन्न होत. तेच अक्षर चुकून छपाईयंत्राकडे गेलं, की ते बिथरून कोरे कागद ओकायचं. म्हणून मन्मथने दिसत नाही ते सगळं काढून टाकणारा एक प्रोग्राम लिहिला. नाव अर्थातच चाळणी. हातात येईल ती फ्लॉपी तो आधी चाळायचा आणि चाळलेला माल त्याच फ्लॉपीवर भरायचा. दुसरी वापरणं म्हणजे उधळपट्टी.

त्याच सुमारास दुष्काळ पडला, आणि चाकूरजवळच्या आमच्या वस्तीवर एक जपानी बोअर यंत्र आलं. सोबत सातो नावाचा मेकॅनिक. वस्तीतल्या धुरपताबाईने त्याचा पहिल्याच दिवशी सातोबा केला आणि नारळ यंत्रापुढे फोडावा की त्याच्यापुढे, यावर वस्तीत थोडी चर्चा झाली. यंत्र निम्म्या खोलीवर बिघडून अडकलं. सोमवारी ते इस्लापूरकडे जायचं ठरलेलं होतं. तोवर सुरू झालं नाही, तर आमचा खड्डा खड्डाच राहणार.

यंत्राच्या कंपनीकडून जपानहून दुरुस्तीच्या सूचनांची फ्लॉपी आली. सातोबाच्या छोट्या कॉम्प्युटरला ती वाचता येईना. कंपनीकडे जपानी अक्षरांना एका पद्धतीचे क्रमांक, सातोबाकडे दुसऱ्या. दुकान तेच, पत्त्यात उस्मानाबाद जिल्ह्याऐवजी लातूर जिल्हा आला, तसलाच प्रकार. क्रमांक बदलायचं गणित सातोबाने कागदावर लिहून दिलं आणि काम लातूरला मन्मथकडे आलं.

मन्मथने फ्लॉपी घेतली आणि सवयीने आधी चाळली.

कंपनीच्या पद्धतीत जपानी मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सांगायला नेमकं तेच न दिसणारं एस्केप अक्षर लागतं. चाळणीने ते एकूण एक वेचून टाकलं. एस्केपशिवाय जपानी अक्षरांचे क्रमांकही इंग्रजी म्हणूनच वाचले जातात; उरली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ. त्यात जपानी कुठलं, इंग्रजी कुठलं, कळायला मार्ग नाही. नवी फ्लॉपी यायला पंधरवडा लागला असता.

रविवारी सकाळी वस्तीवर पाणी आणणाऱ्या हनीफच्या टँकरमध्ये बसून सातोबा आणि धुरपताबाई दुकानात हजर. मन्मथने मान खाली घालून झालेलं सांगितलं. महादेवप्पा म्हणाले, "दुकानात बसला असतास तर खडे काढले असतेस. तिकडं जाऊन गहूच काढून टाकलेस व्हय रे?"

धुरपताबाई रागावली नाही, हेच वाईट. तिने विचारलं, "बाबा, त्याच्यात आमचं पाणी हाय म्हनं. सांडलं का?"

मन्मथची नजर समोरच्या पोत्याकडे गेली. हमालाने नुकतीच तोंडाची सुतळी ओढून काढली होती. सुतळी गेली, पण दाभणाची भोकं पोत्याला जशीच्या तशी होती. मन्मथने खिशातून छापील कागद काढला. मिसळीत जागोजाग एक जोडी दिसत होती, डॉलरचं चिन्ह आणि बी. तिच्यापुढे थोड्या अंतरावर दुसरी, कंस आणि बी. एस्केपच्या पाठोपाठ येणारी अक्षरं हीच: पहिली जोडी जपानी सुरू करणारी, दुसरी संपवणारी. ती दिसणारी, म्हणून चाळणीतून वाचली होती.

"सांडलं न्हाई, मावशी," तो म्हणाला. "तोंडाची सुतळी उसवली मी. भोकं हायेत."

कचेरी उघडायला लावून त्याने प्रत्येक जोडीआधी एस्केप परत ओवलं, मग सातोबाच्या गणिताने क्रमांक बदलले. सातोबाच्या पडद्यावर जपानी उभं राहिलं. त्याने कमरेत वाकून मन्मथला नमस्कार केला. सोबत आलेले महादेवप्पा हिशोबात मागे राहणारे नव्हेत, तेही वाकले. मग सातोबा पुन्हा वाकला. शेवटी धुरपताबाईनेच दोघांना सरळ केलं आणि सातोबाला टँकरमध्ये चढवलं.

यंत्र संध्याकाळी सुरू झालं आणि सोमवारी निघायच्या आधी पाणी लागलं. त्या बोअरवरच्या हापशावर आमच्या तीन पिढ्या पाणी भरत आल्या आहेत. हापशाचा दांडा खाली दाबताना आजही आम्हाला तो चिक्कू, चाळणीवाला मन्मथ आठवतो, आणि आमच्याकडून त्याचे आभार मानायचे राहिले असं वाटत नाही, रोज मानतो.

पहिल्या पाण्याची घागर धुरपताबाईने हनीफकडे लातूरला पाठवली. पाणी थोडं गढूळ होतं. महादेवप्पांनी पूजेसाठी तांब्या भरला, उजेडात धरला आणि मुलाला विचारलं, "गाळलंस का रे?"

"न्हाई अप्पा. हातबी लावला न्हाई."

महादेवप्पांनी ते तसंच लिंगावर वाहिलं, आणि उरलेलं न गाळता पिऊन टाकलं.