उजव्या हाताची ऊब

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने वैतागतो. वडाखाली बाई दिसली, वळून बघितलं तर नाही... अहो, मग चष्म्याचा नंबर तपासा! मी प्राथमिक शिक्षक. रस्त्यात उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी तो उचलून घरी आणायचो, आणि आमची ही त्याची चटणी करायला घाबरायची म्हणून तिच्याशी वाद घालायचो. असा माणूस मी. त्यामुळे आज हे लिहायला लागतंय याची चीड आधी माझ्यावरच आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनची. राहायला मंचर, शाळा तळेघरच्या बाजूला. घोडेगाव, डिंभे, मग घाट. एस.टी. मोजक्या, म्हणून मोटारसायकल. आठवडाभर शाळा उशिराची असायची, पण शनिवारी सकाळची, म्हणजे उजाडायच्या आत निघायचं. डिसेंबर-जानेवारीत कालव्याकडेनं धुकं असं उठायचं की पुढचं चाक दिसायचं नाही. लोकरीचे हातमोजे, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, वर रबरबँड... सगळं करून झालं. रेक्झिनची कव्हरं शिवून हँडलला लावली, तर त्यात वारं भरून ती फुग्यासारखी फुगायची. डाव्या हाताचं एक वेळ भागतं, मांडीखाली दाबता येतो, वाकून इंजिनला लावता येतो. उजवा मात्र ॲक्सिलेटरला बांधलेला. तो सुटत नाही आणि गारठून बोटं लाकडाची होतात.

माझ्यामागे मिलिंद बसायचा. त्याच शाळेत, माझ्याहून लहान, मला गुरुजी म्हणायचा. मूळचा राजुरीचा. त्याचे दोन्ही हात माझ्या कोटाच्या खिशात, मस्त उबेत. एकदा मी म्हटलं, "मिलिंदा, तुझा गरम हात फुकट चाललाय. मागून हात घाल नि ॲक्सिलेटर धर, तेवढ्यात मी माझा काखेत शेकतो." झालं, रिवाजच पडला. घोडेगाव सुटलं की सरळ रस्त्याला मी खांदा हलवायचो, तो हात पुढे करायचा. 'हातबदल' म्हणायचो आम्ही त्याला.

ही कल्पना माझी होती. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

त्या शनिवारी धुकं जास्त होतं. मी खांदा हलवला, तर तो नको म्हणाला. "गुरुजी, आज न्हाई. हातातला ब्रेक माज्याकडं येतो, आन् मला फुडचं दिसत न्हाई. काय आडवं आलं तर?"

"अरे, पोरं सांभाळतोस शाळेत. एवढा कसला घाबरट?"

त्यानं हात पुढे केला.

रस्त्याच्या कडेला कांद्याची ट्रॉली बिघडून उभी होती. मागे ना दिवा, ना दगड. मी पायाचा ब्रेक दाबला, तो दचकला, गाडी घसरत जाऊन उजवं हँडल ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळलं. माझा हात काखेत होता, मला खरचटलंसुद्धा नाही. मिलिंदचा हात मनगटापासून काढावा लागला. डोक्यालाही मार होता. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं... आणि हे कळल्यावर मी काय केलं? हेडमास्तरांना सांगितलं, डिंभ्याच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, दवाखान्यात त्याच्या वडिलांना, आबांना सांगितलं, की ह्यानंच गमतीत मागून ॲक्सिलेटर पिळला. सगळ्यांनी लगेच मानलं. माझं आडनाव कोणतं आणि त्याचं कोणतं, याचाही त्यात हात होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मिलिंदनंही मानलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला? "गुरुजी, माज्यामुळं तुमची गाडी मोडली."

पुढे तो बदली घेऊन राजुरीच्या बाजूला गेला, डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकला. मी गाडी दुरुस्त केली. आणि पुढच्या थंडीत ते सुरू झालं. गाडी चालवताना माझा उजवा हात गरम राहायला लागला. गरम म्हणजे शेगडीवर धरल्यासारखा. डावा आखडून जायचा आणि उजव्याला घाम! मोजा ओला व्हायचा, म्हणून तो घालायचं सोडलं. गाडीवरून उतरलं की थोड्या वेळानं हात पुन्हा साधा.

वैताग किती म्हणून सांगू? मेकॅनिकनं वायर शॉर्ट असेल म्हणून अख्खं हँडल उघडलं. डॉक्टर म्हणाले थायरॉईड तपासा. त्यावर ही म्हणाली, "एकाच हाताला थायरॉईड? आणि तोही गाडीवर बसल्यावर?" दुसरी गाडी घेतली, तरी तेच. डिंभ्याचा टपरीवाला बाळूशेठ तर मी थांबलो की माझा हातच धरून ठेवायचा. "या गुरुजी, आमची चूल आली!" सगळे हसायचे. मलाही हसावं लागायचं.

दोन हजार सालानंतर केव्हातरी मिलिंदनं राजुरीत घर बांधलं, म्हणून जेवायला बोलावलं. जेवताना त्याची बायको शोभा म्हणाली, "ह्यांचा नसलेला हात लई दुखतो, भाऊजी. थंडी सुरू झाली की रोज शाळंच्या टायमाला. शनवारी तर भल्या पहाटं. रविवारी न्हाई, सुट्टीत न्हाई."

"दुखतो म्हंजी गार वारं लागतं," मिलिंद म्हणाला. "अंगात स्वेटर, वर घोंगडी, आन् हाताला वारं. बोटं मिटल्यागत वाटतात. उघडतच न्हाईत, राव."

मी म्हटलं, तुझीही शाळा, तुझाही शनिवार. मनाचा खेळ असेल.

"मग मागल्या सोमवार-मंगळवारी का न्हाई दुखला?" शोभानं विचारलं. "शाळा तर व्हती."

मागच्या सोमवारी आणि मंगळवारी मी तापानं घरी पडून होतो. गाडी काढलीच नव्हती.

पण मी विज्ञानाचा माणूस ना... एका योगायोगावर कसा विश्वास ठेवणार? पुढच्या रविवारी काही काम नसताना पहाटे गाडी काढली, डिंभ्यापर्यंत गेलो, परत आलो. हात तापलेला. घरी येऊन राजुरीला फोन लावला. शोभा म्हणाली, "आज इपरीतच झालं, भाऊजी. रविवार आसून रडायची पाळी आली ह्यांच्यावर."

म्हणजे माझ्या खात्रीसाठी मी त्याला मुद्दाम छळलं.

त्या दिवसापासून थंडीत एस.टी. धरली. घाटात ती कधी यायची, कधी नाही. तळेघरच्या चढावर पायपीट, शाळेत उशीर, हेडमास्तरांची बोलणी... सगळं सोसलं आणि आतून बरं वाटून घेतलं. फेडतोय म्हणून. खोटं मात्र होतं तिथंच ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी मिलिंद मंचरला घरी आला. हातात पेढे. "गुरुजी, हात थांबला. औंदा एक दिस दुखला न्हाई. मी काय म्हणतो... ती माजी शिक्षा व्हती. तुमाला मरणाच्या दारात नेलं त्याची. फिटली आता. पेढा घ्या."

माझा तोल गेला. त्याच्यावरच ओरडलो, "गप बस रे! कसली शिक्षा? तू नाही म्हणत होतास! मी तुला घाबरट म्हणालो म्हणून तू हात पुढं केलास!" मग सगळं सांगितलं. टपरी, दवाखाना, तापलेला हात, तो रविवार.

ही चहा घेऊन आली आणि दारातूनच परत गेली.

"आबा गेले," शेवटी तो म्हणाला. "मरस्तवर म्हणत व्हते, तुज्या फाजीलपणानं हात घालवलास. आता त्यांना कुठं जाऊन सांगू?"

मी हात जोडले.

"हात जोडू नका. तुमाला दोन हायेत म्हणून जोडता," तो म्हणाला. "सकाळी गाडी काढा. जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं न्या मला."

"गाडी नको. तुला त्रास..."

"होऊ द्या."

शनिवारच होता. घोडेगाव सुटलं तसा माझा हात तापला आणि मागे तो कण्हायला लागला. थांबू का विचारलं, तर म्हणाला, "चला." डिंभ्याला टपरीवर उतरलो. तो रडवेला झाला होता, रिकामी बाही छातीशी धरून उभा. बाळूशेठनं ओळखलं. "अरे, या या, ॲक्सिलेटर मास्तर!"

हे नाव त्याला पडलंय, हे मला माहीत होतं. त्याच्या तोंडावर कुणी घेतलेलं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी सांगितलं. चार-पाच माणसं होती, दुधाचे कॅन खाली ठेवून ऐकत होती. बाळूशेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, आमच्या तोंडातून वदवलंत की हो इतकी वर्षं." त्यानं मिलिंदला चहा दिला. मला विचारलं नाही. मग शाळेत गेलो, हेडमास्तरांनाही सांगितलं.

मला वाटत होतं, सांगून झालं की सुटेल. कुठलं काय! परतीच्या वाटेला गाडी चालू केली तर हात तसाच, तव्यासारखा.

"दुखतोय?" मी मागे विचारलं.

"लई."

"मग एवढं करून उपयोग काय झाला?" मी खरंच वैतागून म्हणालो.

"तुमच्या उपयोगासाठी न्हवतं आणलं तुमाला, गुरुजी."

घोडेगावच्या स्टँडवर तो उतरला आणि एस.टी.नं राजुरीला गेला.

हे का होतं, मला आजही ठाऊक नाही. नसांचं असेल, मनाचं असेल, पण मग त्या रविवारचं काय? थंडीत मी गाडी चालवत नाही. का, असं कुणी विचारलं की पूर्वी गारठा सोसत नाही म्हणायचो. आता मिलिंदचं नाव घेतो.