वहिनीची चिठ्ठी

दादा मुंबईला गोदीत कामाला होता. त्याचं पत्र आलं की घरचा मजकूर मी पडवीत मोठ्याने वाचायची आणि आत घडी घातलेली वहिनीची चिठ्ठी मागीलदारी, तिला एकटीला. घरात वाचता येणारी मी एकटीच, तेरा वर्षांची, आणि त्याचा तोरा केवढा!

त्या पावसाळ्याच्या तोंडाला वहिनीला सहावा महिना होता. शाळा बुडवून मी तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघायला गेले, ते तिने आईला सांगितलं. आईने मला फोकाने झोडपलं. राग कायम माझ्या नाकावर. दोन दिवसांनी चिठ्ठी आली तेव्हा तो बाहेर पडला. दादाने लिहिलं होतं, 'चतुर्थीला येतो, जिवाला जप.' मी वाचलं, 'ताप हटत नाही, हॉस्पिटलात ठेवलंय. आईला कळू देऊ नकोस.' शेवटचं वाक्य स्वतःची पाठ वाचवायला घातलं होतं.

वहिनीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग मलाच बजावलं, "आयेक सांगा नको हां गो, ती घाबरतली."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण फोकाचे वळ अजून होते, आणि मी भित्री होते. महिन्याने पुढची चिठ्ठी आली. दादा खुशाल असल्याचं मी शब्दन् शब्द खरं वाचलं. वहिनी म्हणाली, "खोटां लिहितत ते. माका घोर नको म्हणान."

तिचं जेवण तुटलं. ग्रहणाच्या दिवशी पोटुशीने विळीला हात लावायचा नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती भाजी चिरायला बसली आणि आईने पाहिलं. मुलगी महिनाभर आधी जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. भांडं पडलं की थरथरायची, अर्धा तास रडायची. चालली उशिरा, बोलली चौथ्या वर्षी. आईचा निकाल ठरलेला होता. "गिराणात इळयेक हात लावल्यान, आणि काय!"

दादा चतुर्थीला आला तेव्हा मूल पंधरा दिवसांचं होतं. वहिनीने विचारलं, "ताप बरो झालो मां?" तो हसला. "माका खंयचो ताप?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माका सपान पडलेलां." मी पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीवर पळाले.

सात वर्षांनी मी गावच्याच शाळेत शिकवत होते. एकदा नर्सबाई पोटुशा बायकांना नि त्यांच्या सासवांना समजावायला शाळेच्या व्हरांड्यात आल्या. म्हणाल्या, "बाईच्या जिवाला घोर लावू नका, पोटातल्या बाळालाही तो भोवू शकतो. ग्रहणाने काही होत नाही." भाचीचं नेमकं कशाने झालं ते कोण सांगणार? पण घोर कोणी लावला, ते मला पक्कं ठाऊक होतं. आज आईला सांगायचंच, असं ठरवून घरी गेले.

नर्सबाईंचं बोलणं सांगायला लागले तर आई फणकारली, "तिका काय कळता? गिराणात चिरल्यान तां मी बघलंय." मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी चुलीकडून म्हणाली, "होय आये, चुकलां माझांच." मला तोंड मिटायला निमित्त मिळालं, आणि मी ते मिटलं. याची लाज मला त्या खोट्या चिठ्ठीपेक्षा जास्त वाटते.

त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं. मागीलदारी मी वहिनीची चिठ्ठी वाचली, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. तिने नीट ऐकून घेतलं, चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली आणि लेकीला हाक मारली. पोर तेव्हा माझ्याच वर्गात, जेमतेम अक्षरं जुळवत होती.

"बाय," वहिनी म्हणाली, "आता तू वाच बघया."