सोमवारी बंद असलेली प्रेक्षणीय स्थळे

ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. कित्येक वर्षं त्यांच्याकडे केस कापून घेतले, पण आमची सगळी ओळख आरशातली. मी खुर्चीत, ते माझ्या मागे. त्यामुळे त्यांचा भांग मला ज्या बाजूला माहीत होता, त्याच्या नेमक्या उलट्या बाजूला तो होता. एकदा बाजारात ते समोरून आले तर मी ओळखलंच नाही. त्यांनी मात्र माझं डोकं ओळखलं. "काय साहेब, मागे वाढलेत," म्हणाले आणि पुढे गेले. त्यांच्या घरी मी कधी गेलो नाही. त्यांना भाऊबहिणी किती, त्यांना झोप कशी लागायची, यातलं काही मला सांगता येणार नाही. जास्त माहिती असलेलं कोणीतरी लिहील म्हणून वाट पाहिली. कोणी लिहीना, तेव्हा मीच बसलो. जमेल असं वाटत नाही.

त्यांना आम्ही मंत्री म्हणायचो. मूळ नाव पर्यटनमंत्री, पण गालाला साबण लावलेला असताना एवढं मोठं नाव तोंडातून नीट निघत नाही, म्हणून नुसतं मंत्री. आमच्या भागातल्या कोणालाही सहलीला जायचं असलं, तर आधी त्यांच्या खुर्चीत बसावं लागे. मंत्री फिरलेले होते. किल्ला, राजवाडा, दीपगृह, मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, डोंगरावर जाणारा रोपवे, नावाजलेलं एकही ठिकाण त्यांनी सोडलं नव्हतं. फक्त ही सगळी ठिकाणं त्यांनी बाहेरून बघितली होती.

त्याचं कारण अगदी साधं. सलूनची सुट्टी सोमवारी, आणि असल्या सगळ्या ठिकाणांची सुट्टीही सोमवारीच. वडिलांनी दारावरच्या पाटीवर 'सोमवारी बंद' असं रंगवून घेतलं होतं, आणि ते खोडायचा विचार मंत्र्यांच्या मनात कधी आला नाही. शिवाय रस्त्याच्या पलीकडे दुसरं सलून होतं. "दुसऱ्या कुठल्या वारी दुकान बंद ठेवलं, तर डोकी समोर जातील, साहेब," ते म्हणायचे. "आणि गेलेलं डोकं परत आलं तरी पहिल्यासारखं राहत नाही."

मग त्यांनी काय केलं? बंद असलेल्या जागाच बघायला सुरुवात केली आणि त्यात तरबेज झाले. कात्री चालवता चालवता ते सल्ले देत.

"मत्स्यालयाला जाताय? मागच्या बाजूला जा. निळी भिंत आहे, तिला कान लावा. आत पाणी फिरतंय ते ऐकू येतं. मासे काय, बाजारातही दिसतात."

"दीपगृहाच्या पायथ्याशी एक बाक आहे. वर चढणाऱ्यांना तो माहीतच नसतो. त्यावर बसायचं आणि वर बघायचं. मान दुखली की उठायचं."

"रोपवे सोमवारीच बघावा. पाळणे एका जागी टांगलेले असतात, खालून त्यांचे स्क्रू दिसतात. चालू असताना कोणाचं तिकडे लक्ष जाणार?"

हे ते गमतीने सांगत नसत. समोर बसलेला माणूसही गमतीने ऐकत नसे, कारण वस्तरा मानेवर असे. बेकरीवाला तर त्यांचा सल्ला ऐकून आईला सोमवारी प्राणिसंग्रहालयाला घेऊन गेला. बंद फाटकाबाहेर दोघं बसली, आतून सिंहाची गर्जना आली, आणि खूश होऊन परतली. "आई म्हणाली, दिसला असता तर भीती वाटली असती," असं बेकरीवाल्याने सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर सोमवारी जाणाऱ्यांची संख्या वाढली.

दुकानाच्या भिंतीवर मंत्र्यांचे फोटो होते. प्रत्येकात एक मोठं दार, दाराला कुलूप, आणि कुलपाच्या शेजारी मंत्री ताठ उभे. बाजूला वहिनी. वहिनींचा चेहरा मात्र एकाही फोटोत नव्हता. त्या पाठमोऱ्या, गजांतून आत बघत असलेल्या.

एकदा मंत्री पलीकडून सुटे पैसे आणायला गेले असताना वहिनी डबा घेऊन आल्या. मी खुर्चीत अर्धी दाढी झालेला. त्या उगीच फणी-कात्र्या नीट लावत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यांना सांगा ना काहीतरी."

"काय सांगू?"

"त्या राजवाड्यात एक दालन आहे. त्याचं छत रंगवलेलं आहे. माझ्या माहेरी बिस्किटांचा डबा होता, त्याच्या झाकणावर चित्र होतं त्याचं. तेही अर्धंच, बाकीचं गंजलेलं. उरलेलं अर्धं काय आहे ते मला बघायचंय. लग्न झाल्यापासून सांगतेय. आणि हे मला राजवाड्याचं गटार दाखवून आणतात."

मी हो म्हणालो, आणि अर्थातच मंत्र्यांना काही बोललो नाही. माझ्याच्याने असं कोणाला काही सांगवत नाही. पण वहिनींनी स्वतःच निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, ते नंतर कळलं. "यावेळी मला आत नेलं नाहीत, तर यापुढे तुमच्याबरोबर कुठेही येणार नाही. तुम्ही आणि तुमची कुलपं."

'यावेळी' म्हणजे बेकरीवाल्याने काढलेली सहल. मंत्र्यांच्या गिऱ्हाइकांनी मिळून बस केली होती: एका सोमवारी मंत्र्यांच्या देखरेखीखाली राजवाडा, बाहेरून. मीही गेलो. सगळ्यांचे केस नुकतेच कापलेले असल्याने बस फार व्यवस्थित दिसत होती.

राजवाड्यापाशी उतरलो आणि मंत्र्यांचा चेहराच पडला. फाटक सताड उघडं होतं. आत-बाहेर माणसांची ही गर्दी, तिकिटाच्या खिडकीसमोर रांग.

पहारेकरी त्यांचा जुना ओळखीचा. तो ओशाळून पुढे आला. "मंत्री, माफ करा. या महिन्यापासून सोमवारीही चालू ठेवा असा वरून हुकूम आलाय. मला कळवता आलं नाही."

"अरे, पण आम्ही एवढी माणसं घेऊन आलो!"

"मी तरी काय करू? म्हणत असाल तर एक कवाड थोडा वेळ लोटून घेतो."

मंत्री आमच्याकडे वळले. "मंडळी, आज उघडं आहे. म्हणजे आज बघण्यासारखं विशेष काही नाही."

"अहो मंत्री, उघडं आहे तर आत जाऊ की!" बेकरीवाला म्हणाला.

"आत जाऊन काय करणार? दार उघडलं की ते भिंतीला टेकतं. मग दार कुठे दिसतं? सबंध दार बघायचं तर ते लावलेलं पाहिजे."

लोक विचारात पडले. आज लिहिताना मला हे विचित्र वाटतंय, पण तेव्हा बऱ्याच जणांना पटलं. मलाही थोडंसं पटलं.

एवढ्यात वहिनी पुढे आल्या. "अहो, दोन तिकिटं काढा."

"आणि यांचं काय? माणसं माझ्या भरवशावर आलीत. यांना वाऱ्यावर सोडू?"

"मीही तुमच्याच भरवशावर आले होते."

मंत्री घामाघूम झाले होते. मला वाटतं ते घाबरले होते. आत आपण सांगितलं त्याहून चांगलं काही निघालं तर, अशी काहीतरी ती भीती असावी. पण हा माझा अंदाज. त्यांनी रुमालाने मान पुसली, "या मंडळी, भिंतीकडेने," म्हणाले आणि बहुतेक सगळ्यांना घेऊन गटार दाखवायला गेले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही येता?"

मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी आत गेलो.

त्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोरी लावून वाट केलेली आणि तिच्यातून माणसं ढकलली जात होती. वहिनी मधोमध थांबल्या आणि त्यांनी वर बघितलं. मागचे त्यांच्यावर आदळायला लागले. तिथला माणूस ओरडत होता, "पुढे चला, पुढे चला!" वहिनी वर बघतच म्हणाल्या, "तुम्ही चला, मी येते." आता त्या पडतील या भीतीने मी त्यांच्याकडे पाठ करून हात पसरून उभा राहिलो आणि गर्दी थोपवून धरली. कोपरं लागली, शिव्या बसल्या, कोणीतरी मला तिथलाच कामगार समजून मुतारी कुठे आहे ते विचारलं. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "चला भाऊजी, झालं." त्यांचा आवाज बदललेला होता. आम्ही बाहेर पडलो. उन्हात आल्यावर माझ्या लक्षात आलं, की वर बघायचं राहूनच गेलं.

मंत्री फाटकापाशी वाट बघत होते. "कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे? छतावर काय होतं?"

"सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं की तुम्ही ते गिऱ्हाइकांना सांगाल. मग ते तुमचं होईल."

परतीच्या वाटेवर बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

त्यानंतर मंत्र्यांचं बिनसलं. मत्स्यालयाच्या भिंतीविषयी सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. दुकानात त्या छतावरून वाद सुरू झाले. बेकरीवाला म्हणे, छतावर लढाई असणार. चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणत, काही नसणार, नुसता चुना, म्हणून तर वहिनी सांगत नाहीत. वहिनी डबा घेऊन आल्या की सगळे आरशातून त्यांच्याकडे बघत. त्या डबा ठेवत, हसत आणि जात. पुढच्या एका सोमवारी मंत्री एकटेच दीपगृहाला गेले आणि दुपारच्या आत परतले. बाकावर एकट्याला बसवेना, म्हणाले. वहिनी बोलल्याप्रमाणे घरीच राहिल्या होत्या.

मग एके दिवशी माझी पाळी आली. मान मागे टेकवलेली, वस्तरा हनुवटीखाली.

"साहेब, खरं सांगा. छतावर काय होतं?"

"मी बघितलं नाही."

वस्तरा थांबला. "आत जाऊन?"

"हो."

"तिने शपथ घातलीय का?"

"नाही हो. मी गर्दीकडे तोंड करून उभा होतो. वहिनींना धक्का लागत होता."

"मग तुम्ही काय बघितलंत?"

"लोकांची डोकी."

मंत्र्यांना जरा हुरूप आला. "कापलेली कशी होती?"

"बहुतेक वाढलेलीच."

"तरीच," ते म्हणाले. वस्तरा परत चालायला लागला. पण थोड्या वेळाने आरशात न बघता म्हणाले, "तिला धक्के लागत होते?"

"खूप."

"हं."

त्याच आठवड्यात दुकानावर कागद चिकटवलेला दिसला: 'गुरुवारी दुकान बंद राहील.' असं याआधी कधीच घडलं नव्हतं, त्यामुळे आमच्या रस्त्यात खळबळ उडाली. गुरुवारी सकाळी शटरसमोर ही गर्दी. मंत्री गेले अशीच बहुतेकांची समजूत झाली, एकाने तर फुलंही आणली. मी भीतभीत म्हणालो की गेलेला माणूस आधी कागद कसा चिकटवेल, पण माझा आवाज लहान आहे. पुढे खरं काय ते कळलं, मंत्री आणि वहिनी सकाळच्या बसने राजवाड्याकडे गेलेत म्हणून. फुलं आणणाऱ्याने ती बेकरीत देऊन टाकली. तरी लोक हलेनात. शटरचा रंग, कडीची गंजलेली बाजू, पाटीवरची वडिलांच्या वेळची अक्षरं, एकमेकांना दाखवत बराच वेळ उभे होते. चष्मेवाले मात्र गुपचूप समोरच्या सलूनमध्ये जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी ते कल्ल्यांवरून ओळखलं.

त्या दुसऱ्या दिवशीच, शुक्रवारी, मी केस कापायला गेलो होतो. पुढे मी मुलीकडे राहायला गेलो आणि तिथून लवकर परतता आलं नाही. परत आलो तेव्हा मंत्री या जगात नव्हते, आणि खुर्चीमागे कोणी अनोळखी कारागीर उभा होता. त्यामुळे आमचं बोलणं झालं ते त्या शुक्रवारचं शेवटचं. त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नाही, पण जसं झालं तसं देतो.

"मग, गेला होतात?" मी विचारलं.

"गेलो होतो. सोमवारी नेतो म्हटलं, तर ती म्हणाली, माझ्यासाठी दुकान बंद ठेवाल तरच येईन."

"गर्दी?"

"विचारू नका. ती वर बघत होती, मी धक्के अडवत होतो. मग ती म्हणाली, आता तुम्ही बघा, मी अडवते."

"मग बघितलंत?"

"बघितलं."

मी थांबलो. दुकानातले बाकीचेही थांबले. बेकरीवाल्याने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं.

"काय आहे?"

मंत्र्यांनी फणी झटकली. "ते घरात बोलायचं ठरलंय आमचं. दुकानात नाही." मग माझ्या डोक्याला हात लावून म्हणाले, "मान जरा खाली."

"एवढी?"

"अजून थोडी. हं, बास. हलू नका."