कुंदाबाईचे तरंगते डबे

कुंदाबाई भोईबद्दल वाईट काहीतरी लिहावं असं फार मनात आहे, पण सापडत नाही.

दोंडाईच्याहून थोडं पुढे गेलं की तापी लागते. तिथे बंधाऱ्यामुळे फुगलेल्या पाण्यावर ही बाई मासे धरते. नवरा, जीवराम, जाळं टाकायचा. त्याचा खांदा गेल्यावर तिने स्वतःची रीत काढली. फरसाणवाल्यांकडून तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे आणायचे, झाकणावर मेणबत्ती वितळवून तोंड पक्कं बंद करायचं. कडीला नायलॉनची दोरी, दोरीला विटेचा तुकडा, खाली गळ, गळाला कोंबडीचं आतडं. संध्याकाळी डबे पाण्यावर सोडायचे. शिंगाडा, म्हणजे तो मिशांचा मासा, गळ गिळून डबा ओढत पळतो. डबा काही बुडत नाही, मासाच दमतो. सकाळी होडीतून जाऊन उचलायचा.

हे सगळं मला माझ्या मुलीने, हेमांगीने, जेवताना सांगितलं. ती धुळ्याला प्राणिशास्त्र शिकली. कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुंदाबाईकडे गेली ती जातच राहिली. आता तिला कोचीला नोकरी लागली आहे, रविवारी निघायचं आहे, आणि बॅग भरायची सोडून ती सकाळी स्कूटी काढते ती नदीवर. तिच्या ओढणीला माशाचा वास येतो. घरात अहिराणीचा एक शब्द न बोललेली मुलगी फोनवर म्हणते, "अक्का, मनाकर्ता एक डबा ठेवजो हां." आणि हसते. माझ्याशी बोलताना तिला इतकं हसू येत नाही. तिला पोहताही येत नाही, त्याची चिंता मी एकटीने करायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या मागे बसून गेलेच.

"या ताई," कुंदाबाई म्हणाली. ठेंगणी बाई, पदर खोचलेला, पुढचा एक दात नाही. "तुमनी पोर भलती हुशार शे. मनी सुरतवाली पोर तर पानीले हात लावत नही." असं म्हणत तिने हेमांगीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हात माशाचे आहेत तुमचे," मी म्हटलं.

"पोर बी आते माशानीच शे!" दोघी हसल्या. मी हसले नाही.

तिने माझ्यापुढे एक डबा ठेवला. "तुम्ही बी एक बांधा." मी गाठीवर गाठ मारत बसले.

"मम्मी, लोणच्याच्या बरणीचा दादरा नाहीये तो," हेमांगी म्हणाली.

कुंदाबाईचा एक नियम आहे: "जो बांधस, तोच काढस." दोरी किती लांब, गळ कुठे लोंबतोय, हे बांधणाऱ्याच्याच हाताला ठाऊक असतं. दुसऱ्याने काढायला जावं तर गळ बोटात घुसतो.

शनिवारी सकाळी बाकीचे डबे निवांत तरंगत होते. माझा एकटाच नदीच्या मध्यावर तिरका होऊन हिसके खात होता. होडी दोघांपुरतीच. कुंदाबाईने सवयीने एक पाय होडीत टाकला.

"अक्का, तू उतर," हेमांगी म्हणाली. "डबा मम्मीचा आहे."

"ताईले पानीनी सवय नही वं..."

"जो बांधस, तोच काढस ना?"

कुंदाबाई उतरली.

मी होडीची कड घट्ट धरून बसले होते. पण मागे वळून काठावर राहिलेल्या तिला पाहिलं आणि हात जरा सैल झाले. वाटायला नको होतं, पण बरं वाटलं. डब्याजवळ पोचल्यावर मी दोरी ओढली, हेमांगीने मागून माझी कंबर धरली. "ओढ मम्मी, ओढ!" माझ्या गाठी हलल्या नाहीत. करड्या पाठीचा शिंगाडा होडीत येऊन आपटला, तेव्हा ती अशी काही हसली की मी तिच्याकडे बघतच राहिले.

"हेमाऽ! माघारी ये वं माय!"

कुंदाबाई गुडघाभर पाण्यात उतरली होती, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होती. वारा नव्हता, लाटही नव्हती. रोज स्कूटीचा आवाज येईपर्यंत मी गच्चीत अशीच उभी असते.

हेमांगीने वल्हं काठाकडे वळवलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक फेरी मार."