लाइट गेली तेव्हा ऐकलेलं वाक्य

आई सावली गावाहून आमच्याकडे ऊर्जानगरला राहायला आली तेव्हा तिला मालिकांची सवय नव्हती. ती मीच लावून दिली. नवरा वीज केंद्रात पाळीवर आणि मी शाळेत शिकवायला, मग क्वार्टरमध्ये दिवसभर एकटी बसून ती करणार तरी काय? थोड्याच दिवसांत तिला सगळ्या सासवा-सुना पाठ झाल्या. एका गोष्टीवर मात्र ती चिडायची. कोणी गुपित बोलायला लागलं, की नेमकं दाराआड कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन उभंच.

"हे लोक दार लावून काऊन नाई बोलत? आन् आयकणारी बी अर्धंच आयकून रडत पळते," ती म्हणायची.

त्या हिवाळ्यात तिचा खोकला वाढला. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं, की इथली धूळ त्यांना सोसणार नाही. मी आईला काहीच बोलले नाही. बाबा गेल्यावर लेकीच्या घरी राहणं तिला आधीच जड जात होतं. गावचं कोणी भेटलं की ती "चार दिवस आली हावो" एवढंच सांगायची.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि नवरा शेजारी भाजी चिरत होता. बाहेर टीव्ही मोठ्याने चालू होता, म्हणून आम्हीही मोठ्याने बोलत होतो. अचानक लाइट गेली. टीव्ही गप्प झाला आणि नवऱ्याचं वाक्य घरभर ऐकू गेलं, "आईले आता इथी ठेवून जमत नाई."

अंधारात आमचे आवाज आपोआप खाली आले. सावलीच्या वाटेवरच्या मूल गावात भाड्याने घर बघू, सगळेच तिकडे जाऊ, मी ड्यूटीला ये-जा करीन, हे तो पुढे म्हणाला ते कुजबुजत. लाइट आल्यावर आई होती तिथेच बसलेली दिसली. भूक नाई म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारणीकडे होती, पण कुठे जाते ते आईने तिला सांगितलं नव्हतं. आत आईची कापडी पिशवी नव्हती, मोबाइल चार्जरलाच लटकत होता. कॉलनीमागच्या झुडपांत त्याच आठवड्यात वाघ दिसला होता. तिकडून जाऊ नका म्हणून वनखात्याची गाडी भोंग्यावरून ओरडत फिरली होती. आणि आईला बस स्टॉपवर जायला तीच पायवाट आवडायची. मी हाका मारत त्या वाटेने गेले. झुडपात काही हललं की पाय जागीच थांबायचे. डुक्कर होतं की कुत्रं, तेही बघायचा धीर झाला नाही.

आरमोरीच्या मावशीला फोन केला. "इथी नाई आली वो," म्हणत तीच रडायला लागली. सावलीच्या शेजाऱ्यांचा फोन लागेना.

नवरा पाळी संपवून आला तसे आम्ही मोटारसायकलवर सावलीला निघालो. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्या मी बघत होते. जंगलाचा रस्ता लागला तेव्हा त्याने विचारलं, "काल काई झालं का तिच्याशी?"

"काई नाई. लाइट गेली तेव्हापासून गप्प होती."

त्याने गाडी कडेला घेतली. "म्हणजे माह्यं आयकलं तिनं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मालिकेत हा गैरसमज महिनाभर चालला असता. आमच्या पाठीमागे सूर्य उतरत होता आणि ती सावलीला पोचली की नाही, हेच माहीत नव्हतं.

सावलीच्या घराचं दार उघडं दिसलं आणि गाडी थांबायच्या आत मी उतरले. नाकाला पदर लावून आई अंगण झाडत होती.

"न सांगता काऊन आली?" मी ओरडलेच.

"जवाईबापूले जमत नाई म्हणे. मंग कशाले राहू?"

नवरा तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, तुमी अर्धंच आयकलं. तिथली हवा तुमाले मानत नाई म्हणते डॉक्टर. आपण सगळेच मूलले जाऊ, असं म्हणून राह्यलो होतो मी."

आईने झाडू खाली ठेवला. "मंग बाकीचं अर्धं मले काऊन नाई सांगितलं? छाती कोणाची हाय?"

तिने मला ओट्यावर बसवलं आणि डॉक्टर काय काय म्हणाले ते सगळं वदवून घेतलं.

"डाग हाय का?"

"हाय."

"मोठा?"

"दवा घेतली तर वाढणार नाई म्हणते."

ती बराच वेळ खोकली, मग चहा मांडायला आत गेली.

त्या दिवशी ती आमच्यासोबत परत आली नाही. मूलला घर मिळालं तेव्हा आली, तेही एका अटीवर. आता दवाखान्यात डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर ती बसते आणि सगळं स्वतः विचारते. मी मागे उभी असते. खोकला कमी झालाय, गेलेला नाही. शेजारच्या खोलीतून तिचा आवाज जरा वेळ आला नाही, की हातातलं काम टाकून मी उठते आणि बघून येते.